देवाने क्षमा केली, मग बहिणीला सांगायचे कशाला?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले एक ख्रिस्ती गृहस्थ, वय ५२. आई आधीच गेली होती, २००९ मध्ये वडील गेले. मृत्युपत्र नव्हते. मागे हे आणि एक धाकटी बहीण. जमीन तीन एकर. २०११ मध्ये यांनी बहिणीला तालुक्याला नेले आणि ‘सोसायटीच्या कर्जाला वारसांची सही लागते’ असे सांगून हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली. फेरफार झाला, सातबाऱ्यावर एकट्याचे नाव लागले. पुढे एक एकर रस्त्यात गेली आणि मोबदल्याचे ३६ लाख रुपये यांच्या खात्यात आले. बहिणीला यातले काहीच ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी एका उपवास-प्रार्थनेत यांनी रडून देवाजवळ पाप कबूल केले. तरीही प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीने चर्चमध्ये घेतात तो, प्याला समोर आला की हात पुढे होत नाही. ते विचारतात: ‘देवाने क्षमा केली असेल तर आता बहिणीला सांगायची गरज आहे का? तिला माहीतच नाही, म्हणजे तिच्या मनात दुःखही नाही. तिच्या सुखी संसारात खडा कशाला टाकायचा? त्यापेक्षा तेवढी रक्कम मंडळीला (चर्चला) दान दिली तर?’

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणे मागून सांगतो. हो, सांगायला हवे. नुसते सांगून भागणार नाही, तिचा वाटा परत करायला हवा. आणि मंडळीला दान देऊन हे फिटणार नाही. ती रक्कम तुमची नाहीच, बहिणीची आहे. तुमच्या पाळकांनी ती घेतली तर त्यांनाही मी हेच सांगेन.

मी ३४ वर्षे मराठी मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून सेवा केली. त्या काळात खून, मारामारी अशा गोष्टी घेऊन माझ्याकडे फार थोडे लोक आले. बांध, वाटणी, सही, उसने घेतलेले दागिने, पंचकमिटीच्या पेटीतले पैसे, हेच घेऊन बहुतेक जण आले. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण तुमच्यासारखाच देवाजवळ रडून आलेला होता, आणि जिचे किंवा ज्याचे घेतले त्याच्याजवळ एक शब्दही न बोलता आलेला होता. तुमचा हात प्याल्यापाशी अडतो, ही मला चांगली खूण वाटते. न अडता पुढे झाला असता तर मला तुमची जास्त काळजी वाटली असती.

बायबलमध्ये मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू काय सांगतो ते आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्यातला खडतरपणा आता कानाला जाणवत नाही. तू वेदीजवळ अर्पण आणले आहेस आणि तिथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. येशू हे गालीलात सांगत होता आणि वेदी होती यरुशलेमात. गालीलातून यरुशलेम म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. म्हणजे माणूस कोकरू घेऊन एवढा चालत आला, रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली आणि आठवण झाली. येशू त्याला म्हणतो, परत जा. तीन-चार दिवस तिकडे, तीन-चार दिवस इकडे. देव त्या अर्पणासाठी थांबायला तयार आहे. तुम्ही दोन वर्षे जी प्रार्थना करत आहात तिला मिळालेले उत्तर मला तरी हेच दिसते.

तुम्ही म्हणाल, तिच्या मनात माझ्याविरुद्ध काही नाही, कारण तिला ठाऊकच नाही. त्यासाठी जुन्या करारातल्या लेवीयच्या सहाव्या अध्यायाची पहिली सात वचने काढा. आपण लेवीय भराभर उलटून पुढे जातो, पण तुमचे प्रकरण तिथे जवळजवळ नावानिशी आहे. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू नाकारणे, त्याला नाडणे, हरवलेली वस्तू सापडली तरी खोटे बोलणे. ही सगळी अशी पापे आहेत जी करणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतात. साक्षीदार नाही, चोर पकडलेला नाही. आणि शास्त्र सांगते की त्याने ती वस्तू पुरी परत करावी, तिच्यात पाचवा हिस्सा घालावा, आणि दोषार्पण (अपराधाबद्दल याजकाजवळ आणायचा मेंढा) आणील त्याच दिवशी ती मालकाच्या हाती द्यावी. क्रम पाहा, आधी मालक आणि मग याजकाजवळचा मेंढा. दोन्ही एकाच दिवशी, एक उद्या आणि एक सवडीने असे नाही.

हा पाचवा हिस्सा मला वर्षानुवर्षे विचार करायला लावतो. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात चोर पकडला गेला आणि जनावर त्याच्याकडे जिवंत सापडले तर दुप्पट द्यायचे आहे. त्याने ते विकले किंवा कापले असेल तर मेंढरामागे चार मेंढरे, बैलामागे पाच बैल. पण जो आपण होऊन येतो त्याला फक्त पाचवा हिस्सा जास्त. म्हणजे नियमशास्त्राने स्वतःच्या पायांनी परत येणाऱ्याची वाट सोपी करून ठेवली आहे. दंड इतका जड नाही की माणूस घाबरून लपूनच राहील, आणि इतका हलकाही नाही की नुकसान फक्त वस्तूचेच झाले असे वाटावे. कारण वस्तूबरोबर वर्षे गेलेली असतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत २०११ पासूनची सगळी वर्षे. तिच्या मुलांच्या शिक्षणाची फी याच काळात भरायची होती, तिच्या घराचे पत्रे बदलायचे असतील तर ते याच काळात.

आता जक्कयाकडे या. यरीहोचा मुख्य जकातदार, येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला. तो म्हणतो, मी कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्याला कुणी पकडलेले नव्हते. पाचव्या हिश्श्यावर सुटका होणार होती, तरी त्याने स्वतःला पकडलेल्या चोराचा दर लावून घेतला. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. आणि लूकने लिहिलेल्या हकिकतीत येशूने त्याच्याकडे एक दमडीही मागितलेली नाही. येशू फक्त म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. सगळे गाव ज्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवत नव्हते त्याच्या घरी प्रभू जेवायला गेला, आणि मग त्या माणसाने आपणहून हिशेबाची वही उघडली.

म्हणून मी तुम्हाला परत करायला सांगतो आहे त्याचा अर्थ चुकीचा घेऊ नका. पैसे देऊन तुम्ही क्षमा विकत घेणार नाही. क्षमा वधस्तंभावर मिळाली आहे. प्रभूच्या शेजारी खिळलेल्या चोराने काहीच परत केले नाही, त्याच्याकडे वेळ नव्हता, हात मोकळे नव्हते, आणि तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. पण भाऊ, तुमचे हात मोकळे आहेत. तुमच्याकडे बँकेचे पासबुक आहे. त्या चोराचे उदाहरण देऊन आपल्यापैकी कुणी जक्कयाची वाट टाळू नये. कॅथलिक बांधवांच्या शिकवणुकीतही हेच आहे: फादरांकडे कबुली देऊन पापमुक्ती मिळाली तरी चोरलेले परत करणे आणि बदनामी केलेल्याचे नाव भरून देणे बाकीच राहते. या बाबतीत आपल्यात मतभेद नाही.

आपल्या मराठी प्रभूच्या प्रार्थनेत तर शब्दच ‘ऋण’ आहे. आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. दर रविवारी आपण ती म्हणतो. ज्याला कर्ज, व्याज, सावकार माहीत आहे अशा शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द किती नेमका बसतो! पण ऋण सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याला असतो. देवाचे तुमच्याकडे जे येणे होते ते त्याने सोडले. बहिणीचे येणे तिच्यासाठी देवाने सोडून द्यावे, असे आपण मागू शकत नाही. तिला आधी कळले तर पाहिजे की आपले येणे आहे.

आता सगळ्यात अवघड जागा. तुम्ही लिहिले आहे, ‘सांगितले तरी ती घेणार नाही, ती म्हणेल, असू दे दादा.’ मलाही तसेच वाटते. आणि त्या ‘असू दे’ वर विश्वास ठेवू नका असे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

मी आपल्या घरांमधल्या किती तरी बहिणींना हक्कसोड करताना पाहिले आहे, त्यातल्या बऱ्याच जणींनी समजून उमजून सही केली. कायदा त्यांच्या बाजूने होता. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. देशभरच्या हिंदू बहिणींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळायला २००५ साल उजाडले, आपल्याकडे तो त्याच्या ८० वर्षे आधीपासून कागदावर आहे. तरी बहिणी सोडतात. का? मी एका बाईंना एकदा विचारले. त्या म्हणाल्या, ‘वाटा घेतला तर माहेर जातं, पाळकसाहेब.’ दिवाळीत, नाताळात, बाळंतपणात, नवऱ्याशी वाजले तर, कुठे तरी जायला दार असावे म्हणून बाई एकरभर जमिनीवर पाणी सोडते. ‘असू दे दादा’ या शब्दांमागे माया असतेच, पण भीतीही असते. मायेचा मान राखा आणि भीतीचा फायदा घेऊ नका.

इथे याकोब आणि एसाव यांची गोष्ट वाचा, उत्पत्तीचे ३२ आणि ३३ हे अध्याय. दोन भाऊ, वारशाचे भांडण, एकाने आंधळ्या बापाला फसवून दुसऱ्याचा आशीर्वाद लाटलेला. २० वर्षे मामाकडे, लाबानाकडे, काढून याकोब परत येतो आणि भावासाठी पुढे जनावरे पाठवतो. शास्त्राने ती मोजून लिहून ठेवली आहेत: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी आणि त्यांची पिले, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० शिंगरे. एवढी बारीक मोजणी उगाच नाही. परत करायचे तर मोजून करायचे. भेट झाल्यावर एसाव म्हणतो, भाऊ, माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझे तुला राहू दे. हुबेहूब तुमच्या बहिणीचे शब्द. आणि याकोब ऐकत नाही, आग्रह करतो, एसावाला घ्यायलाच लावतो. मराठीत आपण तिथे ‘भेट’ असे वाचतो, पण मूळ हिब्रूत तो म्हणतो, माझा ‘बराखा’ घे. बराखा म्हणजे आशीर्वाद, हाच शब्द २७ व्या अध्यायात चोरीला गेलेला होता. जे नेले होते त्याच शब्दाने ते परत आले.

एक गोष्ट मात्र याकोबाची घेऊ नका. त्याने जनावरे दिली, सात वेळा भूमीपर्यंत लवून नमस्कार केला, पण ‘मी तुला फसवले’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलेले मला त्या अध्यायांत सापडत नाही. ते दोघे भेटले, रडले आणि पुन्हा वेगवेगळ्या वाटांनी गेले. तुम्ही ते वाक्य उच्चारा.

कसे करायचे ते आता सांगतो.

पहिल्यांदा पत्नीशी बोला. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. हा पैसा तुमच्या घरात शिरला आहे, घर बांधले गेले असेल, मुलीचे लग्न झाले असेल. पत्नीला अंधारात ठेवून बहिणीला उजेडात आणाल तर एका फसवणुकीच्या जागी दुसरी होईल. त्या रागावतील, पोरांच्या तोंडचा घास काढता म्हणतील. त्यांना दोन-चार दिवस द्या, पण दोन-चार महिने देऊ नका.

मग हिशेब करा, कागदावर. बहिणीचा वाटा रुपयाला आठ आणे. मोबदल्यातले १८ लाख तिचे. लेवीयचा पाचवा हिस्सा धरला तर त्यावर ३ लाख ६० हजार, म्हणजे २१ लाख ६० हजार. आपण नियमशास्त्राखाली नाही, हा आकडा तुमच्यावर कायद्याने बसत नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर तो माझी खालची मर्यादा धरला असता. उरलेल्या दोन एकरांत ४० गुंठे तिचे. जमीन कसली तुम्ही, घाम तुमचा, म्हणून सगळे पीक तिला द्या असे मी म्हणणार नाही. पण गावात वाट्याने दिली असती तर मालकाला दरसाल काय मिळाले असते तेवढे तरी मांडा. एकदम द्यायला नसतील तर खरे ते सांगा आणि हप्ते लिहून द्या, तारखांसकट. जमिनीचे काम पैशापेक्षा आधी करा, कारण तुमच्या जिवाला उद्या काही झाले तर तुमची मुले काय करतील हे तुमच्या हातात नाही.

वकील गाठा, पण कशासाठी ते स्पष्ट सांगून. वाटणीपत्र करायचे, बक्षीसपत्र करायचे की जुना दस्त रद्द करायचा, मुद्रांक किती पडेल, हे तो सांगेल. काहीही केले तरी दुय्यम निबंधकाकडे नोंद आणि मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर तिचे नाव, इथपर्यंत पोहोचल्याशिवाय काम झाले असे समजू नका. वकील कदाचित म्हणेल, आता कशाला उकरता, इतकी वर्षे झाली. फसवणुकीच्या दाव्याची मुदत साधारणपणे ती उघडकीला आल्यापासून मोजतात, तेव्हा कबुली दिल्यावर बहीण कोर्टात जाऊ शकेल हेही तो सांगेल. खरे आहे ते. ती गेली तर तो तिचा हक्क आहे. ‘पुढे काही मागणार नाही’ अशी सही तिच्याकडून घेऊन मग पैसे देण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका सहीने हे सगळे झाले आहे.

मग बहिणीकडे जा. फोनवर नको, नाताळात भरल्या घरात नको. साडी, मिठाई काही नेऊ नका, फक्त कागद न्या. आधी विचारून जा, आणि दाजींना बसवायचे की नाही हे तिने ठरवू दे. शास्त्रातले वचन सांगून सुरुवात करू नका. वचन तुमच्यासाठी होते, ते तुम्हाला तिच्या दारापर्यंत घेऊन आले. तिच्यासमोर वचन काढले की ‘आता तू क्षमा केलीच पाहिजेस’ असा दाब तिच्यावर येतो. शब्द साधे असू द्यात:

‘२०११ साली मी तुला तालुक्याला नेलं होतं. कर्जाची सही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. तो हक्कसोडीचा कागद होता आणि मला ते ठाऊक होतं. रस्त्याचे ३६ लाख आले, तेही तुला सांगितलं नाही. मी तुला फसवलं. त्यातले निम्मे तुझे, राहिलेल्या जमिनीत एक एकर तुझी. हा हिशेब. तुला हवा त्याला दाखव.’

एवढेच. तेव्हा माझी परिस्थिती फार वाईट होती, गावात सगळेच असे करतात, सल्ला अमक्याने दिला, हे काही नको. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, १५ व्या अध्यायात, शौल राजाही ‘मी पाप केले आहे’ असे म्हणतो. पण लगेच जोडतो की लोकांना भ्यालो म्हणून केले, आणि पुढे तर वडीलजनांसमोर माझा मान राख असे शमुवेलाला विनवतो. त्याला पापापेक्षा अब्रूची काळजी आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाचे पाप दाखवायला त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा दावीदाचे उत्तर एका वाक्यात संपले. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. कारण नाही, वाटेकरी नाही. कबुलीत ‘पण’ आला की माणूस शौलाच्या बाजूला सरकायला लागतो, हे मी स्वतःच्या बाबतीतही अनुभवले आहे.

रडू आले तर येऊ द्या, पण तिला तुमचे डोळे पुसायला लागतील इतके रडू नका. त्या दिवशी रडण्याचा पहिला हक्क तिचा.

मंडळीसमोर उभे राहून हे सांगायचे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. यावर माझ्याकडे एक अनुभव आहे, सुखाचा नाही. सेवेच्या तिसऱ्या वर्षी एका रविवारी दानाची पिशवी कमी भरली. एक तरुण आदल्या दिवशी झाडलोट करायला आला होता. मी व्यासपीठावरून नाव न घेता असे बोललो की प्रत्येकाला नाव कळले. दहा-बारा दिवसांनी पिशवीतले पाकीट गीतपुस्तकांच्या कपाटात सापडले, मीच तिथे ठेवले होते. मी त्याच्या घरी गेलो, चुलीपाशी बसून त्याची आणि त्याच्या आईची क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. मला वाटले, झाले. मंडळीतले एक वृद्ध वडील मला म्हणाले, ‘साहेब, बदनामी दीडशे माणसांत केलीत आणि माफी चुलीपाशी मागता?’ पुढच्या रविवारी मी उपदेशाआधी उभा राहिलो आणि पाकीट कुणी कुठे ठेवले होते ते सांगितले. त्या तरुणाची आई मागच्या बाकावर होती, तिने पदर तोंडाला लावला. ते मला आज, इतक्या वर्षांनीही, दिसते.

त्या वडिलांनी मला माप दिले: चूक जिथपर्यंत पोहोचली तिथपर्यंत कबुली पोहोचली पाहिजे, आणि तिथेच थांबली पाहिजे. तुमची चूक बहिणीच्या घरापर्यंत आणि तुमच्या मुलांपर्यंत पोहोचली आहे. भावकीत तुम्ही ‘बहिणीने खुशीने सोडले’ असे सांगितले असेल, तर त्या लोकांपर्यंतही. तिथे जाऊन खरे सांगा. मंडळीत साक्ष द्यायची असेल तर आधी बहिणीला विचारा. तिच्या घरची गोष्ट आहे, तुमच्या साक्षीसाठी ती चव्हाट्यावर यावी असे तिला वाटणार नाही.

तिने क्षमा केली नाही तर? ही शक्यता आहे आणि तिच्यासाठी मन तयार ठेवा. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन पाळकाची हकिकत मला इथे आठवते. तरुणांच्या एका वसतिगृहाच्या कामावरून विश्वस्तांशी त्यांचे बिनसले, राजीनामा देऊन ते कडवट मनाने इंग्लंडला आले. १९०८ मध्ये केझिक इथे एका लहानशा प्रार्थनामंदिरात वधस्तंभाविषयीचा उपदेश ऐकताना त्यांना विश्वस्तांची चूक दिसायची थांबली आणि स्वतःच्या मनातला द्वेष दिसला. त्यांनी सहा विश्वस्तांना सहा पत्रे लिहून क्षमा मागितली. त्यांच्या पुढच्या सगळ्या भूमिका मला पटतात असे नाही. पण पाचगणीचे ‘एशिया प्लॅटो’ केंद्र ज्या चळवळीतून उभे राहिले तिची मुळे त्या सहा पत्रांपर्यंत जातात. समोरचा उत्तर देईल का, या प्रश्नावर ती पत्रे अडून राहिली नाहीत. तुम्हीही क्षमा मागा, पण उत्तर त्याच दिवशी मागू नका. तिला सहा महिने लागतील, कदाचित सहा वर्षे. हप्ता मात्र तारखेला गेला पाहिजे, ती बोलत असो वा नसो.

हे वाचून आणखी कुणी स्वतःचे प्रकरण तपासतील, म्हणून दोन गोष्टी लवकर सांगतो. मूल किंवा दुबळी व्यक्ती यांच्यावर अत्याचार झाला असेल तर कबुली, क्षमा, समेट हे शब्द मंडळीच्या चार भिंतींत वापरून प्रकरण मिटवायचे नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविषयीच्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायचे असते, पाळकही त्यातून सुटत नाही. आणि काही कबुल्या अशा असतात की त्यांनी सांगणाऱ्याचे मन हलके होते आणि ऐकणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. तिथे आधी अनुभवी माणसाशी बोला. ज्याचे घेतले तो हयात नसेल तर गणना पाचव्या अध्यायात वाट दिली आहे: त्याच्या जवळच्या नातलगाला द्या, आणि कुणीच नसेल तरच ते परमेश्वराचे म्हणून याजकाकडे. मंडळीला दान देण्याची तुमची कल्पना तिथे, अगदी शेवटी बसते. तुमची बहीण हयात आहे.

तुम्ही लिहिता की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन आहे. त्याआधी तुमच्या हातात तीन शनिवार आहेत. पहिल्या शनिवारपर्यंत पत्नीशी बोलणे आणि हिशेब. दुसऱ्या शनिवारपर्यंत वकील, ताजा सातबारा आणि २०११ च्या दस्ताची नक्कल. तिसऱ्या शनिवारी सकाळची एसटी. निघण्याआधी मला फोन करा, वेळ कोणतीही असली तरी. तुम्ही तिच्या दारात उभे असाल तेव्हा मी इथे गुडघ्यांवर असेन.